झाशीच्या तटावर बायकाही होत्या : कोटच्या नेवाळकरांच्या सूनबाईंनी उभं केलेलं सैन्य

विशेष लेख | राणी लक्ष्मीबाई पुण्यतिथी, १८ जून

लालबाग-परळच्या गिरण्यांत नोकरीला गेलेल्या चाकरमान्याला राणीची बाग माहीत नाही, असं सहसा होत नाही. भायखळ्याची ही बाग इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या नावाने सुरू झाली. आता तिला जिजामातेचं नाव आहे, पण लोकांच्या तोंडी ती राणीची बागच राहिली. मुंबईत दुसरी राणी भेटते ती बसच्या पाटीवर. दादर मागे टाकून शीवला गेलं की राणी लक्ष्मीबाई चौक लागतो. १८५८ साली याच दोन राण्यांची फौज झाशीला एकमेकींसमोर उभी ठाकली होती.

यातल्या दुसऱ्या राणीचं सासर मूळचं आपल्या कोकणातलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यात कोट नावाचं गाव आहे. झाशीचे राजे नेवाळकर हे मूळचे याच गावचे. खानदेशात पारोळ्यालाही त्यांची जहागीर होती.

पुतळ्यात आणि चित्रात राणी लक्ष्मीबाई एकट्याच दिसतात. उसळलेला घोडा, हातात तलवार, पाठीशी बांधलेलं मूल. पण किल्ला काही एकट्याने लढवता येत नाही. त्यासाठी गोलंदाज लागतो, दारू कुटणारा लागतो, पडलेली भिंत रातोरात बांधणारा गवंडी लागतो, पाणी पोचवणारे हात लागतात. लक्ष्मीबाईंनी हे सगळं नऊ महिन्यांत उभं केलं, आणि त्यात बायकांना काम दिलं. ही गोष्ट पोवाड्यापुरती नाही. तिची नोंद त्यांच्या शत्रूने स्वतःच्या कागदात करून ठेवली आहे.

बिठूरची मनू

लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव मणिकर्णिका. जन्म काशीचा. वडील मोरोपंत तांबे, आई भागीरथीबाई. शेवटच्या बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी आप्पा काशीला राहत. मोरोपंत त्यांच्या पदरी होते. मनू लहान असतानाच आई गेली. चिमाजी आप्पांच्या मागे मोरोपंत मुलीला घेऊन कानपूरजवळ बिठूरला बाजीरावांकडे आले.

पुण्याचं राज्य गेलेले पेशवे तिथे इंग्रजांच्या पेन्शनवर दिवस काढत होते. राज्य गेलं तरी वाड्यात घोडे होते, तलवारी होत्या, शिकवणारी माणसं होती. आई नसलेली ही पोर वाड्यातल्या मुलग्यांत वाढली. लिहायला-वाचायला शिकली, घोड्यावर बसायला शिकली, हत्यार चालवायला शिकली. त्या काळी चांगल्या घरच्या मुलीला यातलं काहीच सहजासहजी मिळत नसे.

१८४२ साली मनूचं लग्न झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झालं आणि सासरी तिचं नाव लक्ष्मीबाई ठेवलं गेलं. गंगाधरराव वयाने बरेच मोठे. त्यांना नाटकाची हौस, पोथ्या-पुस्तकांची आवड. झाशीचा ग्रंथसंग्रह त्या भागात नावाजलेला होता.

दत्तक नामंजूर

१८५१ साली राणीला मुलगा झाला आणि चार महिन्यांत तो गेला. गंगाधररावांनी त्यानंतर अंथरूण धरलं. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी घराण्यातलाच आनंदराव नावाचा लहान मुलगा दत्तक घेतला. त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष हा विधी झाला. दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले.

गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मानलं नाही. औरस वारस नाही म्हणून १८५४ साली झाशी कंपनी सरकारच्या ताब्यात गेली. राणीला साठ हजार रुपये सालाची पेन्शन ठरली आणि किल्ला सोडून गावातल्या वाड्यात राहायला सांगितलं गेलं.

लक्ष्मीबाईंनी लगेच तलवार उपसली, असं अनेकांना वाटतं. तसं झालं नाही. त्यांनी आधी कागद लढवला. अर्जावर अर्ज केले, जुन्या तहांचे दाखले दिले, जॉन लँग नावाच्या वकिलाला झाशीला बोलावून सल्ला घेतला, विलायतेपर्यंत दाद मागितली. सगळीकडून नकार आला. त्यात भर म्हणजे नवऱ्याने केलेलं कर्ज पेन्शनीतून फेडायला सांगितलं गेलं.

झाशी पुन्हा हाती आली

१८५७ च्या जून महिन्यात झाशीच्या छावणीतले शिपाई बिथरले. किल्ल्यात आसरा घेतलेले इंग्रज बाहेर आले आणि ८ जूनला जोखनबागेत बायका-मुलांसह त्यांची कत्तल झाली. शिपाई पुढे दिल्लीच्या वाटेला लागले. या कत्तलीचा ठपका इंग्रजांनी पुढे राणीवर ठेवला. प्रत्यक्षात शिपाई गेल्यावर लक्ष्मीबाईंनी इंग्रज कमिशनरला पत्रं पाठवून घडलेलं कळवलं होतं, आणि इंग्रजी अंमल परत बसेपर्यंत कारभार बघा, असा निरोप त्याच्याकडून आला होता.

कारभार हाती आला, पण तिजोरी रिकामी आणि सैन्य नावाला. घराण्यातल्याच सदाशिवराव नेवाळकरांनी गादीवर हक्क सांगितला. त्यांचा बंदोबस्त करावा लागला. तो होतो न होतो तोच शेजारच्या ओरछा संस्थानाचा दिवाण नत्थेखान फौज घेऊन चालून आला. ऑक्टोबरपर्यंत त्यालाही परतवलं.

या दोन झटापटींतून झाशीचं सैन्य उभं राहिलं. पुरून ठेवलेल्या तोफा बाहेर निघाल्या, नव्या ओतल्या गेल्या. गावात दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. बुंदेले, अफगाण, मराठे, जुने शिपाई, मिळेल तो माणूस घेतला गेला. तोफखान्याचा प्रमुख गुलाम घौस खान होता. वाड्यातल्या दासी आणि मैत्रिणी यांनाही हत्याराचं शिक्षण मिळालं. मुंदर, सुंदर, काशीबाई, मोतीबाई ही नावं झाशीकडे आजही घेतली जातात.

याच दिवसांत रायगड जिल्ह्यात पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीला मुक्कामाला होते. घरात कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, म्हणून भटजी घराबाहेर पडले आणि बंडात सापडले. घरी परतल्यावर त्यांनी जे पाहिलं ते लिहून ठेवलं. ते पुस्तक १९०७ साली माझा प्रवास या नावाने छापलं गेलं. राणीला डोळ्यांनी पाहून मराठीत लिहिणारा हा माणूस आपल्याच कोकणातला.

भटजींच्या लिखाणात राणी पहाटे उठून कसरत करणारी, घोड्याची पारख असलेली, कचेरीत बसून स्वतः हुकूम देणारी अशी दिसते. कधी लुगड्यात, कधी पायजमा, अंगरखा आणि डोक्याला टोपी अशा पुरुषी वेशात, कमरेला तलवार. कडाक्याच्या थंडीत गरिबांना टोप्या, बंड्या आणि घोंगड्या वाटल्याचंही त्यांनी लिहिलं आहे.

मुंबईहून निघालेली फौज

तिकडे मुंबईत काय चाललं होतं? गव्हर्नर होता लॉर्ड एल्फिन्स्टन. कालपरवापर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणून ओळखलं जाणारं आणि २०१८ साली प्रभादेवी झालेलं स्टेशन त्याच्याच नावाचं. त्या काळी गव्हर्नराचा बंगला परळला होता. आज हाफकिन संस्था आहे ती हीच जागा.

मुंबईतही बंडाची कुजबुज होती. गिरगावजवळ सोनापूरला गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपायांच्या गुप्त बैठका होत. पोलीस अधिकारी फोर्जेटने त्या हुडकून काढल्या. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मंगल गाडिया आणि सय्यद हुसेन या दोघांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या भागात, तोफेच्या तोंडी दिलं गेलं. मुंबई गप्प झाली आणि मुंबईच्या पलटणी उत्तरेत पाठवायला सरकार मोकळं झालं.

सर ह्यू रोज हा सेनापती सप्टेंबर १८५७ मध्ये मुंबईत उतरला होता. जानेवारी १८५८ मध्ये तो महूहून निघाला. त्याच्या फौजेत गोऱ्या पलटणी होत्या, तसंच मुंबई पायदळाच्या २४ आणि २५ नंबरच्या देशी पलटणीही होत्या. मुंबईच्या फौजेत कोकणातल्या आणि देशावरच्या माणसांची भरती जुनी. मराठा असोत की महार, उत्तरेकडच्या शिपायांबरोबर एकाच पलटणीत ते चाकरी करत.

म्हणजे किल्ल्यात कोटच्या नेवाळकरांची सून, आणि बाहेर वेढा घालणाऱ्यांत मुंबई इलाख्यातली माणसं. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट सहसा येत नाही. पण पगारासाठी पलटणीत गेलेल्या गरीब शिपायाला कोणाविरुद्ध लढायचं हे निवडता येत नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

तटावरच्या बायका

२१ मार्च १८५८ ला रोज झाशीसमोर येऊन ठेपला. त्याआधीच राणीने गावाभोवतीचा मुलूख साफ करून ठेवला होता. झाड नाही, वैरण नाही, शत्रूच्या घोड्यांना गवताची काडी मिळू नये अशी तजवीज. इंग्रजांना रसद मिळाली ती ओरछा आणि शिंदे यांच्याकडून.

रोजच्या अंदाजाने आत दहा-बारा हजार लढणारे आणि तीस-चाळीस तोफा होत्या. दोन्हीकडून रात्रंदिवस गोळे सुटत होते. दिवसा तटाला खिंडार पडायचं आणि रात्रीत ते बुजवलेलं दिसायचं.

दुर्बिणीतून तट न्याहाळणाऱ्या इंग्रजांना जे दिसलं त्याचं त्यांना नवल वाटलं. तोफांच्या मोर्च्यांवर बायका काम करत होत्या. दारूगोळा वाहून नेत होत्या, पडलेल्या भिंती सावरत होत्या, शिपायांना भाकर-पाणी पोचवत होत्या. रोजने सरकारला पाठवलेल्या अहवालात या बायकांचा उल्लेख आहे. फौजेबरोबरच्या डॉक्टर लो यानेही पुढे आपल्या पुस्तकात तेच लिहिलं. शत्रूला राणीचं कौतुक करायचं कारण नव्हतं. त्यामुळे ही साक्ष वजनदार ठरते.

तोफेच्या मोर्च्यावरचं काम म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. तोफ डागली की तिची नळी आतून पुसावी लागते, नाहीतर राहिलेल्या निखाऱ्याने पुढची दारू भरतानाच पेट घेते. मग दारू, मग गोळा, मग ठासणं, मग बत्ती. दारूचा साठा तोफेपासून लांब ठेवतात, म्हणून तो सतत वाहून आणावा लागतो. नेम धरून शत्रूचे गोळे पडतात ते नेमके याच जागेवर. तिथे उभं राहणारी बाई मागच्या फळीत नव्हती.

या बायकांतलं सगळ्यात प्रसिद्ध नाव झलकारीबाई. कोरी समाजातली ही बाई चेहऱ्याने राणीसारखी होती, राणी निसटल्यावर तिचा वेश घेऊन ती इंग्रजांच्या छावणीकडे गेली आणि त्यांना गुंतवून ठेवलं, अशी कथा बुंदेलखंडात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ही कथा लोकांनी जपली. २००१ साली भारतीय टपाल खात्याने झलकारीबाईंचं तिकीट काढलं.

झाशी पडली

मदतीला तात्या टोपे वीस हजारांहून मोठी फौज घेऊन आले. तटावरून त्यांच्या शेकोट्या दिसल्या तेव्हा झाशीत आनंद झाला. पण १ एप्रिलला बेतवा नदीवर रोजने त्यांना हरवलं. वेढा न उठवता, थोडक्या माणसांनिशी.

३ एप्रिलच्या पहाटे इंग्रज शिड्या लावून तटावर चढले. मग घराघरांत, बोळाबोळांत लढाई झाली. वाडा खोलीखोलीने लढवला गेला. त्यानंतर कत्तल आणि लूट. लपून बसलेल्या गोडसे भटजींनी ते दिवस पाहिले. पुरुष दिसला की मारला जात होता. गंगाधररावांचा ग्रंथसंग्रहही त्यात गेला.

४ एप्रिलच्या रात्री लक्ष्मीबाई दामोदरला घेऊन, मोजके स्वार बरोबर घेऊन भांडेरी दरवाजाने बाहेर पडल्या. पाठलागावर आलेल्या इंग्रज तुकडीचा अधिकारी भांडेरजवळच्या चकमकीत जखमी झाला. दिवस-रात्र दौड करून त्यांनी शंभर मैलांवरचं काल्पी गाठलं. वडील मोरोपंत मात्र पकडले गेले आणि जोखनबागेत फाशी गेले.

या काल्पीच्या वाटेवर गोडसे भटजींची आणि राणीची एका विहिरीवर गाठ पडली. अंगावर पठाणी वेश, धुळीने माखलेल्या, तहानलेल्या. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे झाले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, अशा अर्थाचं बोलून राणीने स्वतः मडक्याने पाणी काढलं आणि ओंजळीने प्याल्या. राज्य गेलं होतं, वडील शत्रूच्या मुलखात राहिले होते, पोर बरोबर होतं. तरी दुसऱ्याला कामाला लावायचं नाही, ही रीत सुटली नाही.

ग्वाल्हेरचा शेवट

कोंच आणि काल्पी इथे मे महिन्यात पुन्हा पराभव झाले. मग रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि लक्ष्मीबाई यांनी कोणाच्या ध्यानीमनी नसलेला डाव टाकला. १ जूनला त्यांनी ग्वाल्हेर घेतलं. शिंद्यांची फौज फितली, महाराज आग्र्याला गेले. मोठा किल्ला, तोफा, खजिना सगळं हाती आलं.

पण ग्वाल्हेरला दरबार भरले, जेवणावळी उठल्या. फौजेची तयारी आधी करा, हा राणीचा आग्रह मागे पडला. रोज रणरणत्या उन्हात कूच करत येतच होता. १७ जूनला कोटा की सराय इथे इंग्रज घोडदळाचा हल्ला झाला. लक्ष्मीबाई स्वाराच्या वेशात होत्या. आजूबाजूचे बरेच पांगले, थोडेच उरले. घोडा ओढ्याशी अडला, उडी घेईना. गोळी लागली, तलवारीचा वार बसला. राणी आहेत हे मारणाऱ्यालाही कळलं नाही. जवळच्या बागेत घाईघाईने दहन झालं, म्हणजे देह इंग्रजांच्या हाती लागू नये. मुंदरही त्याच दिवशी त्यांच्याजवळ पडली, असं परंपरा सांगते.

लक्ष्मीबाईंची तिशीही झाली नव्हती. बंडवाल्यांच्या सेनानींत सर्वांत शूर आणि सर्वांत चांगली हीच, असा शेरा पुढे ह्यू रोजने मारला.

मागे काय उरलं

दामोदरराव वाचले. निष्ठावंत माणसांनी त्यांना जंगलातून, गावोगाव लपवत सांभाळलं. पुढे इंग्रजांनी पेन्शन दिली. ते इंदूरला राहिले आणि १९०६ साली वारले. झाशी त्यांना परत मिळाली नाही.

राणीचं नाव १९४३ साली पुन्हा एका फौजेला मिळालं. सिंगापूरला सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेत बायकांची पलटण काढली आणि तिला झाशीची राणी हे नाव दिलं. तिच्या प्रमुख डॉक्टर लक्ष्मी स्वामीनाथन. पलटणीतल्या पुष्कळ मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांत काम करणाऱ्या तमिळ मजुरांच्या घरच्या होत्या. त्यांनी हिंदुस्थान कधी पाहिलाही नव्हता.

स्वतंत्र भारतात लष्करी परिचारिका आणि महिला डॉक्टर आधीपासून होत्या. इतर शाखांत महिला अधिकारी घ्यायला १९९२ साल उजाडलं. कायम नियुक्तीसाठी त्यांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं दार मुलींना २०२२ मध्ये उघडलं. ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या.

झाशीच्या तटावर दारूगोळा वाहणाऱ्या बायकांचा हजेरीपट नव्हता. बहुतेकींची नावंही कुठे नाहीत. त्यांना ना पगार मिळाला, ना पेन्शन. आज भरती होणाऱ्या मुलीला नंबर असतो, हुद्दा असतो, पगार असतो आणि तिचं नाव सरकारी कागदावर असतं. एनडीएची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. बारावीत असलेल्या आणि बारावी झालेल्या अविवाहित मुलींना वयाच्या अटीत बसत असल्यास ती देता येते. मग ती मुलगी लालबागची असो की लांज्याची.